पंगतीतला वाढपी

आपल्या गावाला इतिहास आहे, हे भैरवाडीकरांच्या लक्षात आलं ते शेवटचं शेत विकून झाल्यावर. गाव महापालिकेत गेलं, ज्वारीच्या रानात काचेच्या कंपन्या उभ्या राहिल्या, गावचीच पोरं गळ्यात पट्टा अडकवून तिथं कामाला जाऊ लागली आणि मग एकेकाला जुन्या दिवसांचा उमाळा येऊ लागला. जत्रेच्या बैठकीत पोपटराव म्हणाले, "आपल्या गावाची पण एक वेबसाइट पायजे. सगळ्यांची असतीय." बोलणाऱ्याचं काय जातं? काम पडलं त्यांच्या पुतणीच्या, पूर्णिमाच्या गळ्यात, कारण त्या घरात कॉम्प्युटरमधलं कळणारी ती एकटीच.

पूर्णिमानं मात्र ते मनावर घेतलं. खराडीतली नोकरी सांभाळून वर्षभर तिनं रविवार पाहिला नाही. घरोघर जाऊन अल्बम मागितले, फोटो स्कॅन केले, म्हाताऱ्यांना बोलतं करून त्यांचे आवाज साठवले. नियम एकच ठेवला, खरं असेल तेवढंच चढवायचं. पोपटरावांनी पणजोबांच्या नावापुढे 'स्वातंत्र्यसैनिक' लिहायला सांगितलं, तर ही तोंडावर म्हणाली, "काका, ते तुरुंगात गेले होते ते बांधावरच्या मारामारीत." पोपटराव चार दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

आता जत्रा उद्यावर आली होती. देवळापुढे मोठा पडदा लागणार होता आणि त्यावर अख्खं गाव आपली माणसं बघणार होतं. त्यात पूर्णिमाचे वडीलही होते. संभाजी, आणि खाली त्यांच्या जाण्याचं साल, १९९७. ती तेव्हा तीन वर्षांची होती. कालव्याच्या काठी त्यांच्या चपला आणि सदरा सापडला, माणूस सापडला नाही. शेवटी दर्भाचा पुतळा करून जाळला आणि गाव तेराव्याला जेवून गेलं. बापाची म्हणून तिच्याकडे एकही आठवण नव्हती. होता तो भिंतीवरचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. दहावी असो की नोकरीची मुलाखत, त्याच्या पाया पडल्याशिवाय ती घराबाहेर पडली नाही. आई, तुळजाबाई, तेव्हापासून कपाळ मोकळं ठेवून दिराच्या घरात राहिली होती. राबायला सगळ्यांच्या पुढे, हळदीकुंकवाला सगळ्यांच्या मागे.

त्या सकाळी अभिनव आला होता. हा पूर्णिमाच्या कंपनीतला, मूळचा अमरावतीकडचा, कोथरूडला तिघांत एक फ्लॅट घेऊन राहणारा. हजारो फोटोंतले चेहरे ओळखत बसायचं म्हणजे जन्म जाईल, म्हणून त्यानं एक सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं. ते सारखे दिसणारे चेहरे एकत्र करी. मग एकदा नाव लिहिलं की त्या माणसाचे सगळे फोटो एका जागी येत. तुळजाबाईंनी पोहे दिले होते आणि दोघं लॅपटॉपपुढे बसली होती.

"तुझ्या बाबांचे किती फोटो सापडले होते?" अभिनवनं विचारलं.

"चार. का?"

"हे पाच दाखवून राहिलंय."

"चुकलं असेल. परवा पोपटकाका आणि भैरोबाचा पुजारी एकच धरले होते त्यानं."

"पण इथं मॅच एकदम हाय आहे ना. बघ तर."

तिनं पाहिलं. फोटो ओळखीचा होता. लोणी काळभोरला मामाच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हाचा. साल २००८. मामाच्या अल्बममधून तिनंच तो स्कॅन केला होता. पंगत बसलेली, आणि मधोमध चौदा वर्षांची पूर्णिमा कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. सॉफ्टवेअरनं चौकोन काढला होता तो मात्र तिच्या ताटावर वाकलेल्या वाढप्याच्या तोंडाभोवती. डोक्याला कागदी टोपी, दाढीचे खुंट, हातात जिलब्यांची परात. वाढप्याच्या तोंडाकडे कोण बघतं? पंगतीत सगळ्यांचं लक्ष ताटाकडे असतं.

"सारखी दिसणारी माणसं असतात जगात," ती म्हणाली. अभिनवनं फोटो मोठा केला. डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. संभाजीच्या लहानपणी बैलाच्या शिंगानं त्यांचा कान फाटला होता, हे सगळं घर सांगायचं. हार घातलेल्या फोटोतही ती फाटकी पाळी दिसत होती.

कालव्यात बुडून अकरा वर्षं झालेला माणूस तिच्या ताटात जिलबी वाढत होता, आणि ती त्याच्याकडे न बघता दात काढत होती. यातून ती सावरते न सावरते तोच तिला फोटोच्या कडेला उभी असलेली बाई दिसली. आईच होती ती. पदर तोंडात धरलेला, आणि नजर कॅमेऱ्याकडे नाही, मुलीकडे नाही, सरळ त्या वाढप्यावर.

अभिनवला काय समजायचं ते समजलं. "मी संध्याकाळी येतो," म्हणून तो पोहे तसेच टाकून उठला.

पूर्णिमा लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेली. तुळजाबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

"आये, हा कोण?"

आई म्हणेल, कोण की बाई, आचाऱ्याचा माणूस असंल. त्या एका उत्तरासाठी पूर्णिमा मनातून देवाचा धावा करत होती. तुळजाबाईंनी चष्मा शोधला नाही. हातातली जुडी खाली ठेवली आणि फोटोकडे बघितलं.

"तुझा बापच हाय त्यो," त्या म्हणाल्या.

"मग कालव्यात..."

"कालव्यात कुणी गेलं न्हाय. चपला मीच नेऊन ठिवल्या. सदरा पण."

पूर्णिमा लॅपटॉप बाजूला ठेवून आईसमोर बसली. भाजीवालीशी घासाघीस करायला भिणारी, दिरापुढे मान वर न करणारी ही बाई. सारं गाव कालव्यात गळ टाकून शोधत होतं, तेव्हा हिनं काठावर बसून ऊर बडवला होता. ती गोष्ट म्हाताऱ्यांच्या आवाजात पूर्णिमानं स्वतः साठवली होती.

"का केलंस असं?"

"हडपसरच्या एका बाईचा नाद लागला व्हता त्याला. एक दिवस पिशवी घेऊन निघाला. म्हणला, मी आता यायचा न्हाय. तू निजली व्हतीस." तुळजाबाई खालच्या आवाजात, न थांबता बोलत होत्या. जन्मभर नवऱ्याला 'ते' म्हणणारी बाई आज 'त्यो' म्हणत होती. "नवरा मेलेल्या बाईला सासर एखादा कोपरा देतं, पूर्णे. टाकलेलीला न्हाय देत. मला तुज्यासकट माहेरी घालवली असती, आन् माझी भावजय कशी हाय तुला ठावंय. गाव उठायच्या आत कालव्यावर जाऊन आले."

"आणि या लग्नात?"

"आचाऱ्याबरोबर आला व्हता. लगीन कुणाचं हाय, त्याला ठावं नव्हतं. तुज्याम्होरं वाकला आन् तू म्हणलीस, काका, अजून एक वाढा."

पूर्णिमाला ते आठवलं नाही. कितीही जोर लावला तरी आठवेना, आणि याचीच तिला सगळ्यात जास्त चीड आली.

"मंग भांडी घासायच्या जागी मला गाठलं. म्हणला, येऊ का परत? मी म्हणलं, तुझा पुतळा जाळला, गाव जेवलं. आता कोण म्हणून आणू तुला घरात?"

"आता कुठं आहेत ते?" पूर्णिमा उठली. तिनं स्कूटरची चावी घेतलीसुद्धा. "पत्ता सांग. मी जाते. आत्ता जाते."

"गेल्या दिवाळीत गेला. खराच गेला."

चावी तिच्या हातातच राहिली. सकाळी पोहे खाताना तिला बाप मिळाला होता, आणि दुपारचा कुकर चढायच्या आत तो मेलाही होता. दुःख कुठून सुरू करायचं हेच तिला कळेना. आईचा राग येत होता आणि तो काढायला जीभ उचलत नव्हती.

मग तिच्या ध्यानात उद्याचा पडदा आला. पडद्यावरचं साल खोटं होतं. खरं घालावं तर आईनं इतकी वर्षं कपाळ मोकळं ठेवून मिळवलेला कोपरा एका रात्रीत जाणार होता. काकांना तोंडावर खरं सुनावणारी पूर्णिमा लॅपटॉपवर वाकली.

"मी हा फोटो पुसते. कुणालाही कळणार नाही. अभिनव बोलणार नाही."

तुळजाबाईंनी तिचं मनगट धरलं. मेथीनं हिरवी झालेली बोटं चांगलीच घट्ट होती.

"पुसू नको. त्यो गेला तवा त्या हडपसरच्या बाईनं फोन केला व्हता. म्हणली, तोंड बघायला येताय का? त्या दिवशी पोपटभावजींच्या नातवाचं बारसं व्हतं. घर पावण्यांनी भरल्यालं. मी पोळ्या लाटत व्हते. एकदा मेलेल्या माणसाला परत कसं रडायचं? बायकांनी विचारलं असतं, काय झालं गं? मी लाटत ऱ्हायले." त्यांनी मनगट सोडलं. "लाव त्यो पंगतीचा फोटो. खाली खरं साल घाल."

"आये, काका घराबाहेर काढतील. गाव तोंडात शेण घालेल तुझ्या."

"घालू दे," तुळजाबाई म्हणाल्या. "मला रडायचंय, पूर्णे. समद्यांदेखत."