वरून तिसरा

पाळकसाहेबांना माती देऊन नऊ दिवस झाले होते. त्यांची मुलगी त्यांच्या टेबलाचे खण आवरत होती, तेवढ्यात उपासनेत गाणारी बाई दारात येऊन उभी राहिली.

"ताई, साहेब म्हणाले होते, गेला तो. म्हणून तर मी पुन्हा गायला लागले. काल वहिनीनं मोबाइल पुढे केला. म्हणाली, आवाज तुमच्यासारखाच आहे हो."

काडीमोड झाल्यावर तिच्या नवऱ्याने झोपायच्या खोलीतला व्हिडिओ एका साइटवर टाकला होता. तिने हे फक्त पाळकसाहेबांना सांगितलं, आणि त्यांनी या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. मुलगी महिला मदत केंद्रात नेमके असे व्हिडिओ काढायला लावणारे अर्ज लिहायची, तिलाही नाही.

जेवताना बापलेकीचं असल्या व्हिडिओंवरून नेहमी वाजायचं.

"बघणं हेच पाप," ते म्हणत. "प्रत्येक बघणारा तिला पुन्हा उघडी पाडतो."

"बाबा, तुमच्या प्रवचनात दर वेळी बिचारे पुरुषच मोहात पडतात. व्हिडिओतली बाई एकदा तरी येऊ दे की!"

"बरं, पुढच्या रविवारी तू बोल. मी खाली बसून डुलक्या काढतो."

आता मुलीने त्यांचा संगणक उघडला. पडद्यावर चिकटपट्टीने पुठ्ठा लावलेला होता. त्याला डावीकडे बोटभर उभी फट.

"मीच म्हटलं होतं, तुम्ही बघू नका," बाई म्हणाली. "ते म्हणाले, बाळ, मी तुला उपासनेत बघतो तेवढं पुरे. मग मी सांगितलं, वरून तिसरा. फटीतून यादीची नुसती कड दिसायची; ती मोजून त्यांनी तिसऱ्याची तक्रार केली. काढल्याचं उत्तरही आलं."

त्या पानावरचा क्रम रोज बदलतो, हे तिच्या केंद्रातल्या नवख्या पोरीलाही ठाऊक होतं. बाबांनी कुणा अनोळखी बाईला सोडवलं होतं. ही तिथेच राहिली होती. 'मला एकदा विचारायचं तरी!' असं भांडायला तिने मान वर केली, आणि खुर्ची रिकामी आहे हे तिला नव्याने कळलं.

पुठ्ठा काढून तिने शोध घेतला. दोन वर्षांत एकाचे एकसष्ट झाले होते.

"निघतील ना?"

"प्रत्येकाचा वेगळा अर्ज. आणि तुम्हीच आहात याची खात्री करायला मला..." बघितल्याशिवाय लढता येत नाही, असं ती शिबिरांतून ठणकावून सांगत आली होती. आता तेच वाक्य तिला म्हणवेना. "मला बघावं लागेल."

बाईने काढून ठेवलेल्या पुठ्ठ्याकडे बघितलं.

"आवाज बंद करून बघा," ती म्हणाली. "तो मला रविवारी लागतो."

मग ती एक खुर्ची भिंतीकडे वळवून बसली. मुलीने आवाज बंद केला आणि बघितलं. चेहरा दिसेपर्यंत बघितलं. 'व्यक्ती ओळखता येते का?' या रकान्यात 'होय' लिहिलं. प्रभू, क्षमा कर, असं तिच्या तोंडून निघून गेलं; क्षमा कुणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"पाठवला?"

"पाठवला. व्हिडिओ लगेच निघालाही."

"म्हणजे किती उरले?"

मुलीने पान पुन्हा उघडून मोजले. मग परत मोजले.

"एकसष्ट."

"मघाशीही एकसष्टच म्हणालात ना?" भिंतीकडे तोंड करूनच बाईने विचारलं.

मुलीला यादीत मघाशी नसलेला एक नवा दिसला. तिने दुसरा अर्ज उघडला.