लोखंड दिसेपर्यंत

"घास. अजून घास. लोखंड दिसेपर्यंत घास, पोरी. रंगावर बसवलेली तार बसल्यासारखी दिसते, बसलेली नसते."

तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. हातात कानस, समोर मोटारीचा पत्रा आणि मानेमागे बाबांचा आवाज. त्याला पस्तीस वर्षं झाली. गॅरेजच्या पाटीवर अजून बाबांचंच नाव आहे, राबणारे हात तेवढे माझे झाले. बाबा सकाळी येतात, नट आवळण्याची, तारा जोडण्याची सोपी कामं उरकतात आणि उरलेला वेळ स्टुलावर बसून गाड्यांचे आवाज ऐकतात.

त्या महिन्यात सिस्टर चौथ्यांदा आली. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती इंजेक्शनं देते, जखमा बांधते. आपल्या जुन्या मोटारीला ती म्हातारी म्हणते.

"ताई, म्हातारीने पुन्हा मान टाकली. चालता चालता बॅटरीचा लाल दिवा लागतो, विझतो. परवा एका आजोबांच्या दारात सेल्फ मारला, तर नुसतं कट्. पुढची दोन घरं चुकली. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, अजून एकदा असं झालं तर तुझा भाग दुसरीला देऊ. त्यांना वाटतं, मी कारणं सांगते."

"दिवा नेमका कधी लागतो?"

"तुमच्या दारात कधीच लागत नाही, एवढं मला माहीत आहे."

बाबा मान तिरकी करून हसले. "सिस्टर, वाळलीस गं."

"काका, चार किलो वाढलेत माझे. पण म्हणत राहा, बरं वाटतं."

मला हसायचंही त्राण नव्हतं. पहिल्यांदा मी बॅटरी बदलली होती. मग अल्टरनेटर, मग तो फिरवणारा पट्टा. दर वेळी व्होल्ट मोजणारा मीटर शहाण्या मुलासारखा चौदाच्या वर उभा राहायचा आणि गाडी दोन वळणं गेली की बिघडायची. सतत दुखणारी गाडी परवडते. मधूनच दुखणारी गाडी माणसाला आतून पोखरते. जेवताना तिचाच विचार, उशीवर डोकं टेकवलं की तिचाच.

अल्टरनेटर वीज बनवतो, पण ती बॅटरीला पोचत नाही, म्हणजे खोट वाटेत. जायची वाट मी टोकापासून टोकापर्यंत तपासली होती. परतीची वाट राहिली होती. इंजिनापासून पत्र्यापर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी असते, तिला आम्ही अर्थ म्हणतो. मी एक लांब तार अल्टरनेटरच्या अंगाला चिमट्याने लावली, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि दोन्ही खिडकीतून आत घेऊन मीटरला जोडल्या. मीटरवर शून्य आलं की वाट मोकळी. आकडा चढला की वाट अडलेली.

उभ्या गाडीत शून्य. म्हणून गाडी रस्त्यावर काढली. मी चालवायला, बाबा मागे मीटर घेऊन. दिवे, पंखा, वायपर, सगळं चालू केलं.

"बाबा, किती?"

"शून्य."

चढ लागला. इंजिन तापलं. स्पीडब्रेकरवर चाकं आपटली आणि समोर लाल दिवा फडफडला.

"बाबा, दिवा लागला बघा. आता किती?"

"शून्यच गं. अर्थ चांगला आहे. मीच तर बसवलाय."

या कामात बाबांच्या शब्दावर मी कधी दुसरा हात फिरवला नाही. अर्थ सोडून दिला आणि पुढचे दोन दिवस बाकीची सगळी वायरिंग उसवत बसले. नखांत काळं, डोळ्यांत काळं. सिस्टर पिशवी खांद्याला लावून पायी घरं करत होती. आठ घरांतली पाचच व्हायची.

तिसऱ्या दुपारी ती घामाघूम होऊन आली. "ताई, मी चालवते. म्हातारीचे नखरे मला पाठ आहेत. तू मीटर घेऊन बस."

चिमटे पुन्हा लावले. सपाट रस्त्याला शून्य. चढाच्या पायथ्याला पॉइंट तीन. स्पीडब्रेकर आला आणि आकडा उडी मारून दोनच्या वर गेला. मी मीटर खिडकीकडे धरला, उजेडात पुन्हा वाचला.

"किती आलं?"

"दोन पॉइंट एक."

"वाईट आहे का?"

"चल परत," मी म्हटलं.

गॅरेजात येऊन पट्टीचा बोल्ट काढला. खाली रंग. गुळगुळीत, चकचकीत, एक ओरखडा नाही. आठ महिन्यांपूर्वी ठोकर लागून पत्रा रंगवून आला होता, तेव्हा पट्टी बाबांनी जोडली होती. तेव्हापासून वीज बोल्टच्या आट्यांतून जमेल तशी वाट काढत होती; आटे गंजत गेले तशी या महिन्यात ती अडू लागली. गार असताना जमायचं. तापून हादरा बसला की सुटायचं.

मी कानस घेतली. लोखंड दिसेपर्यंत घासलं. पट्टी आवळली, पुन्हा तोच चढ चढून आलो. शून्य.

सिस्टरने सुस्कारा सोडला. "आता मला गॅरेजच्या नावाचा कागद दे. काय बिघाड होता ते लिही. उद्या त्या बाईंच्या टेबलावर ठेवते."

मी लिहिलं. बाबा स्टुलावरून म्हणाले, "वाच."

"इंजिनाची अर्थची पट्टी सैल झाल्यामुळे बॅटरी चार्ज होत नव्हती."

"सैल?" सिस्टर पुढे झाली. "ताई, त्या म्हणतील, मग आवळून का नाही घेतलीस? पुन्हा माझ्याच गळ्यात येईल."

पेन कागदावर तसंच टेकून राहिलं. तेवढ्याच जागी शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"सैल नव्हती ती," बाबा म्हणाले. "मघाशी तुझी कानस ऐकली मी. आधी रंगावर वाजली, मग लोखंडावर. खोड ते. लिही, गॅरेजने पट्टी रंगावर बसवली होती. चूक गॅरेजची. खाली माझं नाव घाल."

"काका, राहू द्या हो," सिस्टर हळूच म्हणाली.

"बाबा, रंगाचं एक वेळ राहील कुणाकडूनही," मी म्हटलं. "पण मीटर तुमच्या हातात होता. शून्य कसं म्हणालात?"

त्यांनी मान तिरकी केली, नेहमीसारखी. एवढे दिवस मला वाटायचं, कान देऊन ऐकण्याची सवय आहे ती.

"आकडा मला दिसलाच नाही, पोरी. दीड वर्ष झालं. जिथे नजर लावतो, नेमकं तिथेच काळं येतं. तुझं तोंडसुद्धा मी कडेकडेनेच बघतो."