नावाची दुरुस्ती

टायपिस्टने यंत्रातून स्टँपपेपर ओढून काढला, त्यावर फुंकर मारली आणि लालासाहेबांपुढे धरला.

"वाचून घ्या, मामा. मग साहेबांपुढं सही."

मालाच्या तोंडून ऐकून ऐकून तासाभरात तोही त्यांना मामाच म्हणू लागला होता. लालासाहेबांनी कागद लांब धरला, जवळ आणला आणि भाचीच्या हातात दिला.

"तूच वाच, माले. कोर्टाची मराठी मला पचत न्हाई."

"मी, लालासाहेब जाधव, शपथेवर लिहून देतो की, कुमारी विजयमाला ही माझी मुलगी नसून, माझी मयत बहीण मनुबाई व कैलासवासी जोतीराम माने यांची..." तिचा आवाज खाली गेला.

"मोठ्यानं वाच की. कुवेतात उपाशी ठेवत्यात का काय तुला?"

टायपिस्ट हसला. मालाने उरलेलं मनातच वाचलं.

कुवेतच्या इस्पितळात तिला नर्स म्हणून तीन वर्षं झाली होती. आता कायम करायची वेळ आली, तेव्हा तिथल्या कारकुनाला दिसलं, की पासपोर्टवर बापाचं नाव जोतीराम माने आणि शाळेच्या दाखल्यावर लालासाहेब जाधव. महिन्याची रजा मिळाली होती. तेवढ्यात दाखला दुरुस्त झाला नाही, तर जागा दुसरीला जाणार होती.

दाखल्यातली चूक घरात सगळ्यांना ठाऊक होती. जोतीराम काश्मीरच्या लढाईत पडले, तेव्हा माला तीन महिन्यांची. पुढे मामांनी तिला शाळेत नेलं आणि मास्तरांनी काही न विचारताच, पोरीला घेऊन आलेल्या माणसाचं नाव बापाच्या रकान्यात घालून टाकलं. आई हे नेहमी हसत सांगायची.

टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "हे सगळं खरं आहे?"

लालासाहेबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "कागदावर हाय ते खरंच हाय, साहेब."

त्यांनी सही केली. एकेक अक्षर सावकाश, कापडावर टाके घालावेत तसं.

शिक्षण खात्याच्या ऑफिसात कागद देऊन दोघं साताऱ्याच्या स्टँडवर आली. दहिवडीच्या गाडीला अवकाश होता. लालासाहेबांनी दोन चहा सांगितले, आपला बशीत ओतला आणि बशी तशीच हातात धरून बसले.

"माले, मास्तरची चूक न्हवती."

"म्हणजे?"

"त्यानं इचारलं हुतं. बापाचं नाव सांगा, म्हणला. मीच माझं सांगितलं."

मालाने पेला खाली ठेवला. "का, मामा?"

"तू माझं बोट धरून हुतीस. घट. तवा दुसरं तोंडात आलंच न्हाई." त्यांनी बशीतला चहा एका दमात संपवला. "घरी आल्यावर मनूला सांगितलं, मास्तरच चुकला म्हणून. बिचारा मास्तर! सगळ्या गावानं येडा ठरवला त्याला."

ते हसले. मालाला काहीतरी बोलायचं होतं. पण फलाटावर गाडी लागली, लोक दाराकडे धावले आणि मामांनी खिडकीतून टोपी टाकून तिची जागा धरली. वाटेत ते तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. पुसेगावला तिचा हात बधिर झाला. तिने तो हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेळ्यांना शेवरीचा पाला तोडता तोडता लालासाहेब बांधावर टेकले, ते पुन्हा उठले नाहीत.

तेरावा झाल्यावर माला एकटी साताऱ्याला गेली. मामींनी भाकरी बांधून दिली होती. ती पिशवीत तशीच राहिली.

ऑफिसातल्या कारकुनाने तिला लगेच ओळखलं. त्याने दाखला काढला. जुन्या नावावर तांबड्या शाईची सरळ रेघ होती, वर नवं नाव आणि शेजारी गोल शिक्का.

"झालं तुमचं काम, बाई. आता कुवेतवाले काही बोलायचे नाहीत. बघून घ्या."

तिने पाहिलं. रेघ पातळ होती. खालचं नाव अजून वाचता येत होतं.

"आज मामा आले नाहीत बरोबर? मोठे गमतीशीर गृहस्थ. जाताना मला म्हणाले, रेघ जरा हलकी मारा."

"ते गेले," माला म्हणाली. "इथून गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी."

कारकुनाने टाक खाली ठेवला. शब्द शोधत तो म्हणाला, "वाईट झालं. मामा म्हणजे दुसरा बापच की हो."

मालाने दाखल्याची घडी घातली. तिच्या मागे चार-पाच माणसं उभी होती. त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली,

"दुसरे नाही. माझे वडील होते ते."