चौथी चकती

नोव्हाकांच्या घरात चूक कुणाचीच नसे. टोस्ट करपला तर टोस्टरची, मका नीट आला नाही तर आभाळाची, ट्रक उशिरा पोचला तर अख्ख्या आयोवा राज्याची. लेलँड नोव्हाक अठरा चाकांचा ट्रक चालवायचा, महिन्यातले निम्मे दिवस नेब्रास्काबाहेर असायचा, आणि घरी आला की टेबलाच्या डोक्याशी बसून सांगायचा, "नोव्हाक माणूस रस्ता चुकत नाही. नकाशा चुकतो."

त्याची मुलगी डेलिया घरच्या ह्याच शाळेत तयार झालेली. मिडल स्कूलमध्ये, म्हणजे सहावीत जायच्या आधी तिच्या आठवीतल्या चुलत बहिणीने तिला सावध केलं होतं.

"मिसेस क्रँडलचा इंग्रजीचा तास म्हणजे काय ते माहितीये का तुला? तिथे मत फुकट चालत नाही. काही बोललीस की ती विचारणार, 'कुठे लिहिलंय ते?' बोट ठेवून ओळ दाखवावी लागते."

"दाखवीन की," डेलिया म्हणाली. "आणि इंग्रजीत काय शिकवणार मला? जन्मल्यापासून बोलतेय."

"तेच तर! बोलतेस फार."

तास सांगितल्यासारखाच निघाला. पहिली दहा मिनिटं ज्याचं त्याचं पुस्तक, चिडीचूप. मग गोष्ट वाचायची, समासात चिकटचिठ्ठ्या लावायच्या, मग शेजारच्याशी बोलायचं, मग लिहायचं, आणि लिहिलेलं दुसऱ्याला तपासायला द्यायचं. डेलियाच्या चिठ्ठ्या सगळ्यांत जास्त असत आणि हात सगळ्यांत आधी वर. तिची जोडीदार इनेझ बारागान नेमकी उलट. ती पान दोनदा वाचल्याशिवाय तोंड उघडत नसे, आणि तिचं दुसऱ्यांदा वाचून होईपर्यंत डेलियाने दोघींच्या वतीने बोलून टाकलेलं असे. इनेझला त्याचा राग यायचा. पण रागसुद्धा ती दोनदा विचार करूनच दाखवणार होती.

मग ऑक्टोबरात मिसेस क्रँडलने गोल मांडला. खुर्च्या गोलात, मधोमध कॉफीचा रिकामा डबा, आणि प्रत्येकाच्या हातात तीन लाल चकत्या, पत्त्यांच्या डावात पैशांऐवजी लावतात तशा.

"एकदा बोललात की एक चकती डब्यात," मिसेस क्रँडल म्हणाली. उंच बाई, पायांत कायम धावायचे बूट, बोलण्यात गूळ नाही. "तीन संपल्या की ओठ शिवायचे. मी मध्ये पडणार नाही. चर्चा बुडाली तर तुमची, तरली तर तुमची. आणि जी जोडी चर्चेला पुढे नेईल, ती गुरुवारी कुटुंबांच्या संध्याकाळी आईवडलांचा असाच गोल चालवेल. जोडी म्हटलं मी. एकटं कुणी नाही."

डेलिया खुर्चीच्या टोकाला सरकली. गुरुवारी तिचे डॅड घरी असणार होते. मागच्या वर्षी, पाचवीत, अशाच संध्याकाळी ती कागदी मुकुट घालून दाराकडे बघत उभी राहिली होती आणि ते आलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तूच तारीख चुकीची सांगितलीस, पोरी." तिने बरोबर सांगितली होती. पण नोव्हाकांच्या घरात ह्यावर अपील नव्हतं. ह्या वर्षी त्यांनी यायला हवं होतं, आणि आल्यावर गोलाच्या मधोमध आपली मुलगी दिसायला हवी होती. तिला दुसरं काही नको होतं.

"आणखी एक," मिसेस क्रँडल म्हणाली. "चौथी चकती आहे. निळी. ती माझ्याकडे असते. ज्याला ती हवी त्याने सगळ्यांसमोर म्हणायचं, 'मी चुकलो,' आणि ज्या ओळीने मत बदललं ती वाचून दाखवायची. मगच मिळेल."

वर्गात खसखस पिकली. ट्रिप होल्कम नावाचा पोरगा म्हणाला, "आजवर कुणी मागितलीये का?"

"माझ्या सोळा वर्षांत? नाही."

गोष्ट चार पानांची होती. दुष्काळात एमॉस नावाचा म्हातारा आपल्या विहिरीवर झाकण टाकून कुलूप लावतो, शेजारी भांडी घेऊन येतात, तो त्यांना हाकलून देतो. डेलियाने पहिली चकती टाकली. "म्हातारा कंजूष आहे. पान एक, 'त्याने कुलूप दोनदा ओढून पाहिलं.'" दुसरी टाकली. "आणि दुष्ट. पान दोन, शेजारणीचं बाळ रडतंय आणि हा दार लावून घेतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या डोलणाऱ्या माना बघून तिला राहवेना, आणि तिसरीही पडली. "अशा माणसाला गावाने वाळीत टाकावं."

गोल सुरू होऊन पाच मिनिटं झाली नव्हती. नोव्हाकांची तोफ रिकामी झाली होती.

मग बाकीचे तेच तेच बोलू लागले. कंजूष, दुष्ट, स्वार्थी. चर्चा चिखलात रुतली. डेलियाने इनेझला कोपराने ढोसलं. इनेझने पान उलटलं, परत उलटलं, आणि पहिली चकती डब्यात टाकली.

"तो रोज नदीवरून पाणी आणतो. पान तीन. 'खांद्यावर कावड घेऊन, चार मैल.'"

"मग?" ट्रिप म्हणाला. त्याची चकती गेली.

इनेझने दुसरी टाकली. "स्वतःची भरलेली विहीर असताना?"

आता सगळ्यांनी पान तीन उघडलं. तिसरी टाकताना इनेझचा आवाज कापला नाही. "म्हणून मला वाटतं, विहिरीचं पाणी वाईट आहे. त्याने पाणी लोकांपासून नाही वाचवलं. लोकांना पाण्यापासून वाचवलं."

डेलियाने पान तीन पाहिलं. कावडीच्या ओळीवर तिची एकही चिठ्ठी नव्हती.

पण ट्रिप हार मानणारा नव्हता. त्याने शेवटची चकती आपटली. "छ्या! तसं असतं तर सांगितलं असतं ना त्याने! 'बाबांनो, पाणी वाईट आहे.' संपलं. सांगितलं का? नाही. म्हणजे कंजूषच."

"बरोबर!" कुणीतरी म्हणालं. माना परत डोलल्या. इनेझच्या चकत्या संपल्या होत्या. तिचा हात मांडीवर रिकामा पडला होता. तिने डेलियाकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. 'आता बोल ना, एरवी बोलतेसच की,' एवढंच होतं.

डेलिया पानं मागे-पुढे करू लागली. आयुष्यात पहिल्यांदा ती काहीतरी दोनदा वाचत होती. पान एक: एमॉसची बायको वसंतात गेली. पान चार: ती विहीर त्याने लग्नात बायकोला भेट म्हणून स्वतः खणली होती. आणि पान तीनच्या तळाशी, कावडीच्या जरा खाली: 'वसंतापासून तो त्या विहिरीबद्दल कुणाशी बोलला नव्हता.'

म्हातारा का बोलला नाही ते तिला कळलं. कळलं ते डोक्यात नव्हे, थेट छातीत. आणि सांगायला तिच्याकडे चकती नव्हती.

बावीस पोरं आपल्याकडे बघतायत, ट्रिप महिनाभर चिडवणार, आणि डॅडना कळलं तर? हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. ती उठून उभी राहिली.

"मी चुकले," ती म्हणाली. मोठ्याने. नोव्हाकांना हळू बोलताच येत नाही. "मला निळी हवी."

मिसेस क्रँडल टेबलाकडे गेली. तिने खण उपसला, स्टेपलर काढला, तुटक्या पेन्सिली काढल्या, कुणाचा तरी जप्त केलेला भोवरा काढला. निळी चकती पार तळाशी होती. तिने ती स्वेटरला पुसली आणि डेलियाच्या हातावर ठेवली.

डेलियाने ओळ वाचली. मग बायकोची, मग भेटीची. "विहीर त्याने स्वतः खणलीये. त्या पाण्याने त्याची बायको गेली. पाणी वाईट आहे असं सांगायचं म्हणजे, 'मी तिला मारलं' असं सांगायचं. ते तोंडातून निघत नाही. म्हणून तो चार मैल चालतो, शिव्या खातो, पण कुणाला पिऊ देत नाही. इनेझचं बरोबर आहे. तो दुष्ट नाहीये. त्याला फक्त ते एक वाक्य म्हणता येत नाही."

डब्यात निळी चकती वाजली. ट्रिपसुद्धा पुस्तकात डोकं घालून बसला.

"बरं बोललीस," इनेझ पुटपुटली. "पण पुढच्या वेळी आधी मी."

गुरुवारी गोलात आईवडील बसले, लहान मुलांच्या खुर्च्यांत गुडघे पोटाशी घेऊन. सगळ्यांनी तिथेच गोष्ट वाचली. सुरुवात इनेझने केली, नियम तिनेच सांगितले. निळी चकती डेलियाच्या मुठीत होती. लेलँड नोव्हाक वेळेवर आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि त्याने तिन्ही चकत्या धडाधड उडवल्या. म्हातारा कंजूष. म्हातारा दुष्ट. अशाला वाळीत टाका. इनेझने डेलियाकडे पाहिलं आणि ओठ दाबून हसू आवरलं.

मग इनेझच्या आईने कावडीची ओळ काढली, कुणी विहिरीची, कुणी बायकोची. लेलँड पुस्तकावर वाकला. बराच वेळ त्याने पान उलटलं नाही. एकीकडे गोल बोलत राहिला, आणि मग त्याने आपला तेलाने काळवंडलेला पंजा मुलीपुढे पसरला.

"ती निळी दे."

"आधी म्हणावं लागतं, डॅड."

"ठाऊक आहे." त्याने घसा साफ केला. "मी चुकलो."

"म्हाताऱ्याबद्दल? कुठली ओळ?"

"म्हाताऱ्याचं सोड. मागच्या वर्षी तू तारीख बरोबर सांगितली होतीस. मला आठवत होती. मालाची जास्तीची फेरी मिळाली म्हणून मी ट्रक घेऊन लिंकनला गेलो, आणि आल्यावर तुझ्यावर ढकललं." त्याने पुस्तक मिटलं. "ओळ पुस्तकातली नाही. चालेल का?"

डेलियाला एकदम रडू फुटलं, आणि गोल चालवणाऱ्याने रडायचं नसतं असा काही नियम इनेझने सांगितला नव्हता. तिने बाहीने नाक पुसलं, इनेझकडे पाहिलं. इनेझने ह्या वेळी दोनदा विचार केला नाही, लगेच मान हलवली.

"चालेल," डेलिया म्हणाली, आणि चकती त्याच्या हातावर ठेवली.