चार ब्रिक्सचे टोमॅटो

ऑगस्टमध्ये आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत स्पृहाला तिसरा क्रमांक मिळाला आणि तेव्हापासून धायरीत शांतता उरली नाही. स्पर्धक चारच होते, हा तपशील ती सांगायची नाही, आणि कुणी विचारायचंही नाही, कारण विचारायला मध्ये फटच मिळायची नाही. रिक्षावाल्या काकांना तिनं सौरऊर्जा समजावली, इस्त्रीवाल्या काकांना सकस आहार. आठवीपर्यंत हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणतानाही जिचा घसा बसायचा ती हीच, हे तिच्या आईलासुद्धा खरं वाटेना.

नववीच्या विज्ञान प्रदर्शनातून एकच प्रकल्प जिल्ह्याला जाणार होता आणि त्या प्रकल्पाबद्दल एकानेच बोलायचं होतं. तो एक जण आपण, हे स्पृहानं लगेच ठरवून टाकलं. प्रकल्प कशावर, ते नंतर ठरलं: चेरी टोमॅटो. जोडीला उत्कर्षा होती. ती बाकावर शेजारी बसायची आणि फारसं बोलायची नाही, म्हणजे स्पृहाच्या मते आदर्श जोडीदार.

रोपं आणायला दोघी मांजरी गावाला गेल्या, महिपतीमामांकडे. मामा म्हणजे स्पृहाच्या आईचे थोरले भाऊ. त्यांचा ऊस होता आणि उसाच्या कडेला चेरी टोमॅटोचं एक पॉलिहाऊस.

“मामा, हे छोटे टोमॅटो एवढे पॉप्युलर कसे झाले?” स्पृहानं वही उघडली आणि मामांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच सुरू झाली. “म्हणजे बघा, मुळात रानटी टोमॅटो छोटाच होता, दक्षिण अमेरिकेत. मग माणसानं निवडून निवडून तो मोठा केला, आणि आता परत आपल्याला छोटाच...”

“तुलाच समदं ठाव हाय तर मला कशाला इचारतीस, बाय?” मामा म्हणाले आणि उत्कर्षाकडे वळले. “पयल्या वर्षी मार्केटला नेलं तर लोक म्हणायचे, पोसलं न्हाईत व्हय? निम्मं गुरांम्होरं टाकलं. मग हाटेलवाले मागाया लागले, सॅलडवर ठेवाया. तवाचं वाण आंबट, नुसतं शोभेचं. पुढं गोड वाणाचं बी आलं, पारदर्शक डब्या आल्या, आन् पोरं द्राक्षावानी नुसतंच खाया लागली. पोरं खात्यात म्हणल्यावर आया घेणारच. गोडीवर चालतंय बघ हे सगळं. आता ही गोडी भरायची कशी, तर फळ रंगाया लागलं की...”

पुढचं उत्कर्षानं लिहून घेतलं. स्पृहा तेव्हा पॉलिहाऊसच्या दारात उभी राहून फोनमध्ये “नमस्कार मित्रांनो!” म्हणत होती. सातव्यांदा. ओढणी सिनेमातल्या पदरासारखी उडत नव्हती, म्हणून.

चार रोपं आणली, दोघींना दोन-दोन. स्पृहानं आपल्या गॅलरीतल्या रोपांवर जिवापाड प्रेम केलं. सकाळी पाणी, शाळेतून आल्यावर पाणी, क्लासहून आल्यावर पुन्हा पाणी, आणि पाणी घालताना भाषणाचा सराव. रोपं माजल्यासारखी वाढली. फळं टपोरी, तकतकीत. उत्कर्षाच्या सोसायटीत टँकर दिवसाआड यायचा. तिची फळं चिंचोक्याएवढी आणि पानं मरगळलेली. स्पृहाला तिची फार दया आली. “तुझे मागच्या बशीत ठेवू हं,” ती मोठ्या मनानं म्हणाली.

जानेवारीत प्रदर्शन भरलं. परीक्षक होत्या नीरजा मॅडम, सदाशिव पेठेतल्या, वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. स्पृहा साडेसहा मिनिटं न थांबता बोलली. मग तिनं मामांकडून आणलेलं ब्रिक्स मीटर काढलं. उसाची गोडी मोजायची ही दुर्बिणीसारखी नळी. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून एका डोळ्यानं बघायचं. निळा रंग जिथे संपतो तो आकडा म्हणजे गोडी.

“साधा टोमॅटो चार ते पाच,” स्पृहा हात पसरून म्हणाली. “चांगला चेरी टोमॅटो आठ-नऊ. आता पाहू या, माझा किती!”

तिनं टपोरा टोमॅटो पिळला, नळी डोळ्याला लावली. निळा रंग चारवर थांबला होता. तिनं नळी हलवली. चार. डोळा बदलला. दुसऱ्या डोळ्यालाही चारच.

भोवती अख्खी नववी ‘ब’. आतला आकडा तिच्याशिवाय कुणालाच दिसत नव्हता. आणि जिल्हा फक्त एका शब्दाच्या अंतरावर होता.

“नऊ!” स्पृहा म्हणाली. खणखणीत. वक्तृत्वाला शोभेल अशा आवाजात.

टाळ्या पडल्या. नीरजा मॅडमनी शांतपणे हात पुढे केला. “बघू.”

त्यांनी बघितलं. चष्मा काढून पुन्हा बघितलं. “मला चार दिसताहेत. चष्म्याचा नंबर वाढला असेल, नाही का?”

स्पृहाचा चेहरा स्वतःच्याच टोमॅटोसारखा झाला. सगळा वर्ग बघतोय, पळून जावं, की अजून एक वाक्य ठोकावं? ठोकायला वाक्यही होतं तयार, तेच तर वाईट.

“चारच आहेत, मॅडम,” ती म्हणाली. “मी खोटं बोलले. तुमचा चष्मा बरोबर आहे.”

मागून तेजस फिस्सकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. “चार का आले असतील?”

स्पृहानं तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच.

“पाण्यानं,” उत्कर्षा मागून हळूच म्हणाली. “मामा म्हणाले होते, फळ रंगायला लागलं की पाणी तोडायचं. उसाला तोडीआधी तोडतात तसंच. नाहीतर फळ नुसतं फुगतं आणि गोडी पातळ होते. आमच्याकडे टँकर दिवसाआड येतो, त्यामुळे आपोआपच...” तिनं मागच्या बशीतला एक चिंचोका पिळला आणि नळी मॅडमना दिली.

“साडेनऊ,” मॅडम म्हणाल्या. “या ताईंना तू हे सांगितलं नव्हतंस?”

“ती बोलत होती ना, मॅडम.”

या वेळी मॅडमही हसल्या. प्रकल्प जिल्ह्याला निवडला गेला, पण एका अटीवर: बोलेल उत्कर्षा, आणि स्पृहा तक्ता धरून उभी राहील. स्पृहानं घरी जाऊन उशीत तोंड खुपसून दहा मिनिटं रडून घेतलं. मग तिनंच उत्कर्षाला फोन लावला, सरावाला ये म्हणून.

गच्चीवर सराव सुरू झाला. उत्कर्षा पुटपुटल्यासारखी बोलायची, मध्येच थांबायची, आणि प्रत्येक थांब्याला स्पृहाच्या तोंडात पुढचं वाक्य हातवाऱ्यांसकट हजर व्हायचं. एकदा, दोनदा, सहा वेळा ती मध्ये घुसली.

“स्पृहा,” उत्कर्षा म्हणाली, “तू बोललीस की मी विसरते.”

“सॉरी, सॉरी! बोल. मी गप्प. एकदम गप्प. बघच तू, मी किती गप्प बसते, कारण माझा कंट्रोल...”

उत्कर्षानं तिच्या तोंडात एकदम दोन टोमॅटो कोंबले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.