पाठवून द्या की घेऊन या

डॉक्टरांनी दवाखाना कायमचा बंद केला त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला, आणि त्या फोनमधल्या एका शब्दाने घरात घोळ घातला.

डॉक्टर दातांचे, आणि लेकही दातांचीच. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशात, राजधानीपासून बरीच आत, एका लहानशा गावात तिचा दवाखाना होता. तिथली वीज लहरी. पेशंटला आडवं केलं की नेमकी जायची, आणि तिची ती बटणांची नवी खुर्ची पेशंटला तसंच पाय वर करून धरून ठेवायची. डॉक्टरांची खुर्ची जुनी, लोखंडी. पायाने पेडल दाबलं की वर, सोडलं की सुस्कारा टाकत खाली. लेकीला तीच हवी होती. इथपर्यंत सगळं स्पष्ट होतं. पण स्पीकरवर ठेवलेला फोन खरखरत होता, आणि शेवटचं वाक्य डॉक्टरांच्या कानावर आलं ते एवढंच: "बाबा, खुर्ची... ऊन या."

"घेऊन या म्हणतेय," डॉक्टर म्हणाले.

"पाठवून द्या म्हणाली," कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली. "अहो, विचारा की परत."

डॉक्टरांनी विचारलं नाही. लाइन खराब आहे म्हणाले. खरी गोष्ट वेगळी होती. लेक तिकडे गेल्यापासून दरवर्षी बोलवायची, आणि डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं: दवाखाना कोण बघणार? मागच्या वर्षी बायको एकटीच विमान बदलून जाऊन आली, चांगली महिनाभर राहून आली. तेव्हा लेकीने डॉक्टरांना बोलावलंसुद्धा नव्हतं. आता बोलावलं असेल तर ते नीट ऐकू यायला हवं होतं, आणि बोलावलं नसेल तर मुळीच ऐकायचं नव्हतं. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. खुर्ची आणि आपण एकत्रच जायचं. मग ती काहीही म्हणाली असली तरी चुकायला नको.

आता एकत्र जायचं कसं, हा प्रश्न आला. वरच्या मजल्यावर राहणारा मेव्हणा गाड्यांच्या सुट्या भागांचा व्यापारी. त्याला कुठल्याही विषयातलं सगळं ठाऊक असायचं. त्याने बसल्या बसल्या सांगून टाकलं की बोटीने जा, भावोजी, मालवाहू बोटीवर दोन-चार माणसांची सोय असतेच, वरती तुम्ही आणि खाली खुर्ची. डॉक्टरांना ते पटलं. डेकवर उभं राहून आपण समुद्र बघतोय, असं चित्रही त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. मग बायकोने आठवण करून दिली की लेकीच्या देशाला समुद्रच नाही. मेव्हणा लगेच म्हणाला, तेच तर मी सांगतोय, पुढे रस्त्याने.

डॉक्टर माल पाठवणाऱ्या एजंटाकडे गेले. त्याची कचेरी म्हणजे अर्धं गोदाम. खोक्यांच्या मधून वाट काढत टेबलापर्यंत जावं लागलं. एजंटाने समजावलं की खुर्ची लाकडी पेटीत बंद होईल, इतरांच्या सामानाबरोबर कंटेनरमध्ये जाईल, शेजारच्या देशाच्या बंदरात उतरेल, तिथून ट्रकने सीमा ओलांडेल. किती दिवस लागतील ते बंदरालाच माहीत.

"आणि माझं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमचं काय?"

"मला तिच्याबरोबर जायचंय."

एजंटाने चष्मा काढून पुसला. बोटवाले हल्ली प्रवासी घेत नाहीत, आणि ट्रकवाल्याची हमी तो देऊ शकत नव्हता. शिवाय आपल्याला वाटलं आपण खुर्चीबद्दल बोलतोय, 'तिच्याबरोबर' म्हणजे कोण, असं त्याने जपून विचारलं. डॉक्टरांनी खुर्चीच्या मापांचा कागद पुढे सरकवला.

तिथून ते विमानाच्या तिकिटांच्या कार्यालयात गेले. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दोन-तीन वाटा दाखवल्या. मध्ये एकदा उतरून विमान बदलायचं, नाहीतर शेजारच्या देशात उतरून पुढे बसने जायचं. बसचं ऐकून डॉक्टरांच्या मनात आलं की बंदराशीच उतरावं, खुर्ची बोटीतून येईपर्यंत थांबावं आणि पुढचा रस्ता दोघांनी मिळून कापावा.

"प्रवासी किती?" बाईंनी विचारलं.

"दोन," डॉक्टर म्हणून गेले, आणि बाईंनी दुसऱ्याचा पासपोर्ट मागितला तेव्हा ओशाळून उठले.

पुढचे दिवस असेच गेले. सकाळी बोट, दुपारी बस, संध्याकाळी विमान. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला. बायको ताटं त्याच्यावरच ठेवायची. एकदा ती शांतपणे म्हणाली, "मी गेले तेव्हा विमानात बसले आणि उतरले. तुमचं काय अडलंय ते मला कळत नाही." डॉक्टरांना तरी कुठे कळत होतं?

एजंटाची माणसं आली तेव्हाही काही ठरलेलं नव्हतं. त्यांनी खुर्चीचे बोल्ट सोडवले, तिला गाद्यांत गुंडाळून पेटीत घातलं आणि टेम्पोत चढवलं. डॉक्टर दवाखान्याच्या दारात उभे होते. टेम्पो वळणावर दिसेनासा झाल्यावर ते आत आले. आयुष्यभर या खोलीत ते उभे राहिले आणि समोरचा बसला. आता बसायला काहीच नव्हतं. ते खिडकीच्या कट्ट्याला टेकले आणि त्यांनी फोन लावला. लाइन आज स्वच्छ होती.

"त्या दिवशी तू काय म्हणालीस?" त्यांनी एकदम विचारलं. "खुर्ची घेऊन या, की पाठवून द्या?"

"पाठवून द्या म्हणाले, बाबा."

"बरं. गेली आत्ताच."

"तुम्ही याल असं माझ्या डोक्यातच आलं नाही," लेक म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच डॉक्टरांना लागलं. "घेऊन या म्हटलं असतं तर तुम्ही आला असता?"

"मी तेच ऐकलं होतं."

"मग या ना."

ती हे मनापासून म्हणाली की म्हणायचं म्हणून, हे डॉक्टरांना तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी नीट कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ते काउंटरवरच्या बाईंपुढे जाऊन बसले आणि प्रवासी एक म्हणाले. बायको म्हणाली, या वेळी तुम्ही एकटेच जा.

एक विमान, मग एका अनोळखी विमानतळावर ताटकळणं, मग दुसरं विमान, मग लेकीने पाठवलेल्या गाडीतून लाल धुळीचा लांब रस्ता. लेक घ्यायला आली नव्हती, पेशंट होते. डॉक्टर पोचले तेव्हा खुर्ची अजून बोटीवरच होती. दवाखान्यात वीज नव्हती, बटणांची खुर्ची मधेच कुठेतरी अडकून बसलेली, आणि लेकीने एका म्हाताऱ्या बाईंना साध्या लाकडी खुर्चीवर बसवलं होतं. डोकं टेकायला काही नसल्यामुळे बाईंची मान सारखी घसरत होती.

लेकीने वळून पाहिलं. हातात मोजे होते, त्यामुळे जवळ येता येईना. "हात धुता का?" ती म्हणाली.

डॉक्टरांनी प्रवासाची पिशवी कोपऱ्यात ठेवली, हात धुतले आणि बाईंच्या मागे उभे राहून त्यांचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. इतक्या वर्षांत दातांवर काम चालू असताना ते कधी या बाजूला उभे राहिले नव्हते. काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं, फक्त आपण इथे कोण हे उमगत नव्हतं. पाहुणे, वडील, की मदतनीस?

"थोडं डावीकडे, बाबा," लेक तोंडात बघत म्हणाली. "हां. असंच धरून ठेवा."

त्यांनी तसंच धरून ठेवलं.