दांडा तुटलेला पेला

मी एक जुना पेला आहे, मित्रांनो. पिंपातून पाणी काढायचा, लांब दांड्याचा. म्हणजे दांडा होता. आता तपासणीच्या खोलीत पिशवीत पडलोय, तोंडाला गाठ मारून.

एका पत्रेवाल्यानं मला ठोकून बनवलं. हातभर दांडा जोडला आणि म्हणाला, "पेला पाण्यात, हात बाहेर." एवढंच माझं शहाणपण. लोकांना तेवढंही पेलवलं नाही.

मी शिवणकामाच्या कारखान्यात लागलो. छपराचे पत्रे तापले की सगळे माझ्याकडे धावायचे. तेव्हा माझी वट होती. मग कुणीतरी माझ्या दांड्यानं अडकलेला पंखा ढकलला आणि दांडा मोडला. मास्तर, म्हणजे तिथला मोठा शिंपी, म्हणाला, उद्या बघू. त्याचा उद्या काही उजाडला नाही. थोटूक धरून पाणी काढलं की बोटं पिंपात बुडायची.

त्यात तिथली एक रीत. आजारातून उठलेल्याला मशीन द्यायचं नाही, हलकं काम द्यायचं. हलकं काम कुठलं, तर सगळ्यांना पाणी वाटायचं. डोंबलाची दया!

तिथं मशीनवर बसणाऱ्या एका मावशीला जुलाब झाले होते. थांबले तशी ती आली, खाडा नको म्हणून. मास्तरनं तिला पिंपापाशी बसवलं. पण जुलाब थांबले म्हणून जंतू लगेच पोट सोडत नाहीत. संडासात साबण नव्हता. तीच बोटं पिंपात आणि तेच पाणी सगळ्यांच्या घशात. जंतू आतड्याला चिकटतात, विष सोडतात, मग आतडं अंगातलं पाणीच बाहेर फेकत सुटतं. माणूस आतून वाळतो.

एकेक मशीन गप्प झालं. लोकांना वाटलं, चहाच बाधला; त्यांनी दारातल्या चहावाल्याला धरलं, त्याचा स्टोव्ह उलटवला. इकडे मावशीची भाची भिंतीला टेकलेली, डोळे खोल गेलेले. काज-बटणं करायची, सगळे तिला चिमणी म्हणायचे. मावशीनं मला भरून तिच्या तोंडाला लावलं. "पी गं बाई, बरं वाटेल."

मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

चिमणी गेल्यावर दवाखान्यातून नर्सबाई आल्या. आजारी कोण ते सगळेच सांगत होते. त्यांनी विचारलं, धडधाकट कोण राहिलं? चहावाला स्वतःचाच चहा पिऊन ठणठणीत होता. दुसरा इस्त्रीवाला.

"चहा घेता?"

"रोज. पण पाणी घरचं आणतो. म्हणून तर हे मला नवाब म्हणतात."

बाईंनी पिंपाकडे पाहिलं. मग माझ्या थोटकाकडे. पाणी कोण काढून देतं, विचारलं. मावशीनं हात काखेत लपवले.

पिंपातलं पाणी नेऊन इथे बशीत जंतू वाढवले. आजाऱ्यांच्या पोटातला होता तोच निघाला. चहावाल्याला स्टोव्हचं नुकसान मात्र अजून कुणी भरून दिलेलं नाही.

निघताना मावशी बाईंना एवढंच म्हणाली होती, "मीच पाजलं तिला."

"तिला पाणीच हवं होतं, मावशी," बाई म्हणाल्या. "चांगलं पाणी."

मला आता खुशाल मोडीत काढा. पण पुढच्या पेल्याचा दांडा मोडला, तर त्याच दिवशी जोडा. आणि आजारातून उठलेल्याला घरी झोपू द्या रे.